घाणेरीबरोबर उपटलेली वेल

सदुसष्टाव्या वर्षी मी अंदमानच्या एका बेटावर महिनाभर स्वयंसेवक म्हणून जाणार, हे पिंप्राळ्यात कळलं तेव्हा शेजारणींनी आधी माझ्या सुनेकडे संशयाने पाहिलं. मुलगा म्हणाला, "आई, तुला पोहता येत नाही."

"मी काय मासा व्हायला चालले?"

अर्ज नातीने भरला होता. प्रकृतीच्या रकान्यात तिने 'उत्तम' लिहिलं आणि मी उजवा गुडघा पदराखाली झाकला.

बेटावरच्या राखीव जंगलात आमचं काम एकच. बाहेरून येऊन माजलेली घाणेरी उपटायची, म्हणजे मूळच्या झाडांना जागा होईल. तिथला साहेब माझ्या मुलाच्या वयाचा. पहिल्याच दिवशी म्हणाला, "माताजी, आप रसोई देख लीजिए." मी आमच्या जळगावच्या हिंदीत सांगितलं, "साहब, रसोई करने कू मैं बोट में बैठके नहीं आई." त्याने हसून खुरपं दिलं.

तिसऱ्या दिवशी किनाऱ्याचा एक पट्टा माझ्या एकटीच्या वाट्याला आला. दुपारपर्यंत मी तो सारवलेल्या अंगणासारखा चकचकीत केला. साहेब आला आणि डोक्याला हात लावून वाळूतच बसला. घाणेरीबरोबर मी जांभळ्या फुलांची पसरट वेलही मुळासकट काढली होती. तीच वेल किनाऱ्याची वाळू धरून ठेवते, हे त्याने पहिल्या दिवशी सगळ्यांना नीट सांगितलं होतं. मी तेव्हा शेजारच्या पोरीला ज्वारीच्या बिबड्यांची कृती सांगत होते.

तो रागावला नाही. उद्यापासून रसोई, एवढंच म्हणाला.

हे मी आधी एकदा ऐकलेलं. धुळ्याच्या देवपुरातली, मॅट्रिक झाल्याचा केवढा तोरा असलेली एक पोर लग्न होऊन खेड्यात आली आणि पहिल्याच निंदणीला तिने कपाशीतला मूग गवत समजून उपटला. सासूबाई म्हणाल्या, "तू चूल सांभाय." आणि ती बावळट मान खाली घालून गेली की चुलीपाशी. रडली, तेही भाकरी करपणार नाही अशा बेताने. चाळीस वर्षं पुन्हा शेतात पाऊल टाकलं नाही. तिला कुणी कोंडलं नव्हतं, कडी तिनेच आतून लावली. आज भेटली तर वेणी धरून हलवीन तिला.

"नाही," मी साहेबाला म्हणाले. "पंधरा दिवस द्या. वेल परत लावते. नाही लागली, तर जाईपर्यंत चूल माझी."

फूल हातात घेऊन पाहिलं. रताळ्याच्या फुलाची सख्खी बहीण. परसात न्हाणीच्या पाण्यावर रताळी मीच लावायची, त्या बावळटीने एवढं तरी शहाणपण केलं होतं. ढिगातून ताज्या वेली निवडल्या, तीन-तीन डोळ्यांचे तुकडे केले, वाळूत आडवे दाबले, वर ओला पाला. गुडघा बोंबलत होता. म्हटलं, बोंबल. गोडं पाणी मोजकं, म्हणून माझ्या आंघोळीच्या बादलीतलं अर्धं वेलीला. मुलाचा फोन यायचा, हट्ट पुरे, घरी ये. नेमकी तेव्हाच माझी रेंज जायची.

आठव्या दिवशी बरेच तुकडे काळे पडलेले पाहिले आणि त्या दुपारी मला जेवण गेलं नाही. तरी पाणी घालत राहिले.

चौदाव्या दिवशी सकाळी साहेब पट्ट्यात उकिडवा बसलेला दिसला. एक तुकडा हळूच ओढून पाहत होता. निघेना. टोकाला दोन हिरवी पानं होती.

"आधे मर गए," तो म्हणाला.

"आधे लगे," मी म्हणाले.

तो उठला, हात झटकले आणि पुढच्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. तिकडे जाण्याआधी मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर पाळ्यांचा कागद चिकटवला. सोमवारी साहेब. त्याला फक्त भात येतो म्हणे. करपला तरी खाऊ, मी सांगितलं. माझी पाळी शनिवारी. बाकीचे सहा दिवस मी किनाऱ्यावर.