दसऱ्याच्या रांगोळीवरच्या चार रेघा

देवानं माझी परीक्षा पाहावी, याबद्दल माझी तक्रार नव्हती. पण ती त्यानं माझ्याच गाडीत बसून पाहावी, हे काही मला पटत नव्हतं.

यजमानांचं डायलिसिस सुरू झाल्यापासून आठवड्यातून तीन सकाळी मी त्यांना बेलवलीहून उल्हासनगरच्या दवाखान्यात नेते. रिक्षाचे धक्के त्यांना सोसत नाहीत, म्हणून पंचावन्नाव्या वर्षी हट्टानं गाडी शिकले. आमची गाडी पंधरा वर्षांची जुनी. गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता ती झोकांड्या खायला लागली. स्टिअरिंग सरळ धरलेलं, आणि जरा वेग घेतला की मागचा भाग आपल्याच मनानं एका अंगाला जायचा. एकदा अंबरनाथजवळ समोरच्या टेम्पोला घासता घासता वाचलो. यजमान दाराची कडी घट्ट धरून बसले. ते जास्त लागलं.

उल्हासनगरच्या आमच्या मेकॅनिकनं पुढची चाकं तपासली, अलाइनमेंट केलं, दोन टायरही बदलले. शेवटी म्हणाला, “भाभी, गाडी में कुछ नहीं है. आपका हाथ काँपता है.” दिरांच्या हाती आयतंच कोलीत मिळालं. “वहिनी, वय झालं आता. दसरा झाला की विकून टाकू गाडी.” वाईट याचं वाटतं की मलाही ते खरं वाटायला लागलं. चहाचा कप उचलताना मी स्वतःच्या हाताकडे चोरून बघायची. गाडी गेली तर यांना न्यायचं कसं, याचा हिशेब रात्र रात्र मांडत बसायची.

दसऱ्याच्या आदल्या सोमवारी अंबरनाथच्या महादेवाच्या पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात गेले. तिथे रडले नाही, भांडलेच. म्हटलं, “एक तर माझे हात स्थिर कर, नाहीतर सरळ सांग की सोड. मी सोडते.” बाहेर आले तेव्हा हात तसेच होते.

दसऱ्याला डायलिसिसचा वार आला. सकाळी गाडी धुतली, हार घातला, पुढ्यात गाडीच्या रुंदीएवढी रांगोळी काढली. एरवी गाडी मागे घेऊन रांगोळी वाचवते. रांगोळीवरून चाक न्यायचं नाही, ही सासूबाईंची शिकवण. त्या दिवशी उशीर झाला होता. घाईत पुढचा गिअर पडला आणि गाडी थेट रांगोळी तुडवत गेली. सणासुदीला हेच राहिलं होतं, असं म्हणत ब्रेक दाबला.

गल्लीच्या तोंडाशी बारवी धरणाकडची एक म्हातारी झेंडू आणि भाताच्या लोंब्या विकायला बसली होती. तिनं हाक मारली, “बाय, तुजी गारी तिरपी चालते गं!”

मी खाली उतरले. धुतलेल्या ओल्या डांबरावर रांगोळीच्या पांढऱ्या रेघा उठल्या होत्या. दोन असायला हव्या होत्या. होत्या चार. मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेवरून गेलीच नव्हती, चांगली चार बोटं बाजूनं गेली होती.

म्हातारी म्हणाली, “आमचे बैलगारीचा आस सरकला का अशीच चालं. बैल बिचारा सरल चालं, गारी वाकरी. मंग बैलाला मारून काय व्हनार?”

मी तिथेच, भर गल्लीत, हसता हसता रडले. इतके दिवस बैलालाच मार बसत होता की!

हळूहळू गाडी चालवत यजमानांना दवाखान्यात पोचवलं आणि तडक गॅरेज गाठलं. मेकॅनिक हात जोडून म्हणाला, “आज औजार पूजा में हैं, भाभी. हाथ नहीं लगाते.” मी म्हटलं, “ज्याच्यापुढे ठेवलीत ना, त्यानंच पाठवलंय मला. उचला तो जॅक.” माझा आवाज ऐकून त्यानं कुंकू लावलेला जॅक उचलला. गाडी मागून वर घेतली, पहार लावून हलवली, आणि आतूनच ओरडला, “अरे भाभी! पीछे का एक्सल ही खिसक गया है, बुश पूरा फट गया!” मग बाहेर येऊन त्यानं दोन्ही कान पकडले.

दुसऱ्या दिवशी एक्सल जागेवर धरणारे नवे रबरी बुश बसले. त्या संध्याकाळी मी दिरांना शेजारी बसवून थेट अंबरनाथपर्यंत नेलं. गाडी सुतासारखी सरळ. परतताना दीर म्हणाले, “वहिनी, चुकलो.” मी म्हटलं, “दाराची कडी सोडा आता.”

म्हातारीला पुढच्या आठवड्यात बाजारात गाठलं, साडी दिली, पाया पडायला वाकले. ती मागे सरकली. “मी कसली देवी, बाय! माजी फुलां सुकतान.” मग मी तिची सगळी फुलं घेतली आणि महादेवाला नेऊन वाहिली.

मी त्याच्याकडे स्थिर हात मागितले होते. ते त्यानं आधीच दिलेले होते, मीच दुसऱ्यांच्या सांगण्यावरून परत करायला निघाले होते. गाऱ्हाणं त्याच्यापुढे घालावं, पण उत्तर कुठल्या दारानं यावं, हे आपण ठरवू नये. कधीकधी ते आपल्याच चुकीवरून चालत येतं.

यंदाच्या दसऱ्याला मी पुन्हा गाडीपुढे रांगोळी काढली, यजमानांना आत बसवलं, आणि सासूबाईंची मनातल्या मनात क्षमा मागून मुद्दाम रांगोळीवरूनच गाडी नेली. गल्लीच्या तोंडाशी थांबून दोघांनी मागे वळून पाहिलं.

दोनच रेघा होत्या.