मी कंस वाचते

आमच्या गटात मी कंस वाचते. म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, आजीबाई गणित शिकवायला लागल्या.

नाशिकमधल्या एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आम्ही सात-आठ जण दर दोन महिन्यांनी एक नाटक वाचतो. परदेशातल्या बायकांनी लिहिलेलं. गट चालवणाऱ्या मॅडम कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. नाटकाचं मराठी त्याच करतात. नेपथ्य नाही, पाठांतर नाही. ओळीने खुर्च्या, हातात झेरॉक्स, आपली वेळ आली की उभं राहून वाचायचं. कुणी जागचं हलत नाही, म्हणून पात्रं काय काय करतात ते एकाने वाचून सांगावं लागतं. 'ती खिडकी उघडते.' 'तो खुर्ची ओढतो.' कागदावर हे सगळं कंसात असतं, म्हणून मी कंसवाली.

मला भूमिका हवी होती, खोटं कशाला बोलू? सायखेड्याला सातवी झाले, लग्न होऊन नाशिक रोडच्या कॉलनीत आले आणि पुढचं शिक्षण वाचनालयाच्या पुस्तकांवर केलं. फोडणी देतानाही एका हातात पुस्तक असायचं. तिथल्या कितीतरी जुन्या पुस्तकांवर हळदीची बोटं उमटली आहेत ना, ती माझी. पण बोलण्याच्या रंगात आले की तोंडून 'नाय' आणि 'हाय' सुटतं. मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "काकू, तुमचा आवाज किती स्वच्छ आहे! सूचना तुम्हीच वाचा." समजायचं ते मी समजले. पण काम घेतलं की नीट करायचं, ही माझी सवय.

तर गेल्या हिवाळ्यातलं नाटक. कुठल्याशा थंड देशातलं, सफरचंदाच्या बागेतलं घर. म्हातारा गेलाय, दोन मुलं आलीत आणि आईने कुणाकडे राहायचं यावर त्यांचं जुंपलंय. शेवटच्या प्रवेशात दोघं वाद घालत असतात आणि आई मुरंब्याच्या बरण्या फडक्याने पुसून खोक्यात भरत असते. मुलांना वाटतं, झाली हिची निघायची तयारी. मग ती थांबते आणि भरलेल्या बरण्या एकेक करून परत फळीवर ठेवायला लागते. मुलं भांडतच असतात. त्यांचं लक्षच नाही.

बुधवारच्या तालमीत नाटक वीस मिनिटांनी लांबलं. रविवारी लोकांपुढे वाचन होतं आणि सातला हॉल दुसऱ्यांना द्यायचा होता. मॅडम म्हणाल्या, "सूचना गाळू या सगळ्या. संवादातून कळतंच लोकांना."

थोरल्या मुलाचं काम करणारे एक निवृत्त बँकवाले आहेत. आवाज असा की खालच्या मजल्यावरचे पेपर वाचणारे वर बघतात. ते म्हणाले, "बरं झालं काकू, तुम्ही आता पहिल्या रांगेत बसून आम्हाला ऐका निवांत!"

सगळे हसले, मीही हसले. रिक्षात मात्र बसल्या बसल्या कागद उघडला. अहो, मला सारखं वाटत होतं की काहीतरी चुकतंय, आणि ते फक्त माझं काम गेल्याचं दुःख नाही. शेवटचा प्रवेश दोनदा वाचला. त्यात आईला एकही वाक्य नव्हतं. एकही! लिहिणारीने तिचं सगळं बोलणं कंसात ठेवलं होतं. कंस गेले की आईच गेली.

दुसऱ्या दिवशी फोन केला, तर मॅडम म्हणाल्या, "मला माहीत आहे ते, काकू. पण आईचं काम करणारी म्हणते, मी चेहऱ्याने दाखवेन."

"मॅडम, बरणी चेहऱ्याने कशी दाखवणार?"

त्या हसल्या, पण 'बघू' यापुढे गेल्या नाहीत.

शनिवारी शेवटची तालीम. माझी जाऊ डोळे दाखवायला सायखेड्याहून आली होती, थेंब घालून डोळ्यांवर काळा चष्मा. तिला घरी एकटी कुठे ठेवू? घेऊन गेले. मी पहिल्या रांगेत, ती शेजारी. कंस गाळून शेवटचा प्रवेश झाला. दोन्ही मुलांनी हॉल दणाणून सोडला, आईवाली चेहऱ्याने दाखवत होती, आणि नाटक संपलं.

जाऊ म्हणाली, "मंग म्हातारी कोनाकडं गेली?"

बँकवाले म्हणाले, "मावशी, ती जातच नाही. तेच तर नाटक आहे."

"आसं कोन म्हनलं?"

खरंच की. तसं कुणीच म्हटलेलं नव्हतं.

"तुमी दोघं तं नुस्ते भांडत व्हते," ती पुढे म्हणाली. "म्हातारीचा आवाजच नाय. मला वाटलं, मेली का काय मधीच!"

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "काकू, शेवटचा प्रवेश. कंसासकट."

"आणि वेळेचं काय?" बँकवाल्यांनी विचारलं.

"तुमचं पहिल्या अंकातलं खतांवरचं भाषण आहे ना, ते काढते."

"अहो, ते माझं सगळ्यात चांगलं भाषण आहे!"

"म्हणूनच तर लांबतंय."

जाऊ मला कोपराने ढोसून म्हणाली, "जा, ऊठ आता."

रविवारी हॉल भरला होता. बहुतेक बायकाच, माझ्या वयाच्या, स्वेटर घालून आलेल्या. शेवटच्या प्रवेशाला मी उभी राहिले. मुलं भांडत होती, त्यांच्या दोन वाक्यांच्या फटीत मी माझं वाचत होते. 'ती बरणी पुसते. खोक्यात ठेवते.' आवाज चढवला नाही. घरात कामं करताना आपण चढवतो का? मग ते वाक्य आलं. 'ती खोक्यातली बरणी उचलते. फळीवर ठेवते.' हॉलमधली चुळबुळ थांबली. 'दुसरी उचलते. फळीवर ठेवते.' तिसरीला मागून कुणीतरी बाई, स्वतःशीच बोलावं तशी, पण सगळ्यांना ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाली, "ठेव बाई, सगळ्या ठेव."

थोरला मुलगा आपलं पुढचं वाक्य विसरला. हातात कागद असून विसरला! मी थांबले, बँकवाल्यांकडे बघितलं, त्यांना जागा सापडली, आणि आम्ही पुढे गेलो. शेवटची बरणी मी अगदी सावकाश ठेवली. सातला पाच कमी होते.

खुर्च्या उचलताना मॅडम जवळ आल्या. "काकू, पुढच्या नाटकात एक आजी आहे. छान संवाद आहेत तिला. वाचाल?"

बघा, ज्याच्यासाठी मी तिथे गेले होते, ते समोरून चालत आलं होतं. मी त्यांच्या हातातली नवी झेरॉक्स घेतली, आजीची पानं उलटून पाहिली. बोलते खूप, पण करत काहीच नाही बिचारी.

"आजी द्या दुसऱ्या कुणाला तरी," मी म्हटलं. "माझे कंस मलाच राहू द्या. आणि मॅडम, आता गाळायचे झाले तर मला आधी विचारायचं."

"विचारते," मॅडम म्हणाल्या.

जाऊ जिन्यात उभी राहून बँकवाल्यांना सांगत होती, "आज बरं केलं तुमी. कमी बोल्ले."