बटव्यात राहिलेला पुठ्ठा

माझा राग आरडाओरडा करून संपत नाही. संपला असता तर बरं झालं असतं, दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते. चुलत बहिणीवर तेराव्या वर्षी धरलेला राग मी अजून सोडलेला नाही, आणि सोडायचा विचारही नाही.

बेलापूरला आमचं एकत्र घर. कारभार चुलत्यांच्या हातात, म्हणून त्यांच्या लेकीचा, आक्काचा, शब्द कुणी खाली पडू देत नसे. मी तेव्हा सातवीत. हस्तकलेच्या बाईंनी पुठ्ठ्यावर बटवा विणायला शिकवला होता. बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा घ्यायचा, वरच्या कडेला कात्रीनं दाते पाडायचे, त्यांत अडकवून पुढून-मागून उभे दोरे ताणायचे. मग दाभणात लोकर ओवून, एका दोऱ्यावरून, एकाखालून, असं गोल गोल विणत जायचं. पुठ्ठा आत राहतो, बटवा त्याच्याभोवती तयार होतो. शेवटी दात्यांवरचे फास सोडवून पुठ्ठा ओढून काढला की झालं.

माझा बटवा जांभळा-पिवळा होता. दोन महिने त्यात गेले होते. बाई म्हणाल्या, "हा श्रीरामपूरच्या प्रदर्शनात ठेवू." पुठ्ठा काढायचा तेवढा राहिला होता; त्यावर विणायच्या आधीच मी पेन्सिलीनं नाव आणि 'सातवी ब' असं ठळक लिहिलं होतं.

तेवढ्यात आक्काचं लग्न ठरलं. रुखवतात नवरीच्या हातच्या वस्तू मांडायच्या, आणि हिला तर सुईत दोरा ओवायचा कंटाळा! तोवर माझ्या विणकामाला चिंध्या म्हणणारी आक्का सरळ आली नि बटवा उचलला. "हा माझ्या रुखवतात."

मी घर डोक्यावर घेतलं. काकू म्हणाली, "तिचं लगीन काय रोज रोज हाय व्हय? तू पुढल्या साली दुसरा कर." मी आईकडं पाहिलं. ती मान खाली घालून ज्वारी निवडत राहिली. त्या दिवशी मी जेवले नाही, तेही कुणाच्या लक्षात आलं नाही. थांब म्हटलं, दाखवतेच तुला.

दुसऱ्या दिवशी गोड आवाजात म्हणाले, "आक्का, तोंडाला झालर लावून देते." तिला काय, आनंदच. मी झालर नि मणी असे घट्ट शिवले की दाते दिसेनात, फास दिसेनात. पुठ्ठा आतच.

"काय ताठ बसतोय गं!" आक्का खूश झाली.

"लई," मी म्हणाले.

लग्नात मांडवात रुखवत मांडलं. बटव्याला चिठ्ठी होती, 'नवरीच्या हातचा'. विहीणबाई राहुरीकडच्या, तोंडानं फटकळ. बटवा त्यांना आवडला. सुपारी ठेवायला बोट घातलं, तर बोट जाईना.

"अगं, तोंड कुठंय ह्याचं? उघड बरं."

मुंडावळ्या बांधलेली आक्का ओढतेय, दाबतेय. घाम फुटला तिला.

"तूच विनलास न्हवं?"

"व्हय."

"मग तुलाच कसा उघडंना, बाई?"

बायका हसायला लागल्या. मी त्यांच्यातून पुढं घुसले, झालर उसवली, नखानं एकेक फास सोडवला आणि सगळ्यांसमोर पुठ्ठा बाहेर ओढला. एका पोरीनं त्यावरचं नाव मोठ्यानं वाचलं. आक्काचं तोंड एवढंसं झालं. काय सांगू, असं सुख मला पुढं माझ्या स्वतःच्या लग्नातसुद्धा झालं नाही.

विहीणबाईंनी मला खालून वर न्याहाळलं. आईला म्हणाल्या, "हिला कुठं देऊ नका. आमच्या धाकट्याला ठेवा." सगळे हसले. सगळ्यात जास्त मी.

सहा वर्षांनी त्या खरंच मागणी घालून गेल्या. मला कुणी विचारलं नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी स्वयंपाकघरात गेले, तर आक्का चुलीपाशी. आता माझी थोरली जाऊ. तिनं मांडवातून उचलून ट्रंकेत जपलेला तो पुठ्ठा माझ्या पुढ्यात टाकला.

"त्या दिसापासून सासूबाई मला पुठ्ठेवाली म्हनत्यात," ती म्हणाली. "पाव्हन्यांसमोर सुदीक. सहा वर्सं. आता तू आलीस. बस, भाकऱ्या थाप."

त्या घरात मी किती वर्षं भाकऱ्या थापल्या ते विचारू नका. तिनं एक दिवस मला सवलत दिली नाही. मीही कधी माफी मागितली नाही.

आता सासूबाई नाहीत, आम्ही दोघीही म्हाताऱ्या झालो. पण अजून मी तिच्या हातात पिशवी द्यावी, डबा द्यावा, नातवाचं टोपडं द्यावं, आक्का ते घेते आणि आधी आत दोन बोटं घालून बघते.