आई होडीत बसत नाही

आमच्या घरची होडी आहे आणि आई तिच्यात कधी बसलेली नाही. हे सांगितलं की बाहेरच्या माणसांना वाटतं मी थापा मारते. नवरा रोज समुद्रावर जातो, बायको त्याने आणलेली मासळी बाजारात विकते, आणि तिला पाण्यावर कसं वाटतं ते ठाऊक नाही? नाही ठाऊक. बाबांचा नियमच तसा. होडी वाळूवर ओढलेली असली तरी आईने बाहेरून टेकायचं, आत पाय घालायचा नाही. शेजारच्या बायका आपापल्या होड्यांतून समोरच्या समुद्रातल्या किल्ल्यावर जाऊन आल्या. आमची आई किल्ला अजून काठावरूनच बघते. का, म्हणून मी लहानपणापासून विचारत आले. "होडीत बाईमाणूस नको," एवढंच उत्तर. जास्त खोदलं तर "गप बस गो!"

आणि तिला बसायचं होतं हो! शाळेच्या सहलीत मी किल्ल्यावर जाऊन आले तेव्हा किल्ल्यात काय पाहिलं ते तिने विचारलंच नाही. होडी हलते म्हणजे नेमकी कशी हलते, पोटात कसं होतं, पाणी हाताला लागतं का, हेच विचारत राहिली. माझ्या चौकसपणाला लोक नावं ठेवतात, पण तो मी काही विकत आणलेला नाही. तो तिचाच आहे.

गेल्या हिवाळ्यात होडीचं इंजिन बिघडलं आणि दुरुस्तीला वेंगुर्ल्याला गेलं. बाबा घरी बसले. समुद्रावर जाणारा माणूस घरी बसला की काय होतं ते ज्याच्या घरी घडतं त्यालाच कळतं. आमटीत मीठ किती, टोपल्या कुठे ठेवल्या, दार कोणी उघडं टाकलं, सगळ्यात नाक. आईने फोनवर माझ्या धाकट्या भावाकडे गाऱ्हाणं घातलं. तो कोल्हापूरला नोकरीला. त्याने काय करावं? भाड्याची कॅम्पर व्हॅन घेतली आणि फोंडाघाट उतरून थेट दारात! आत झोपायची सोय, ओटा, बेसिन, पंखा, सगळं. आपण चौघांनी तळ्यावर जायचं, गाडीतच राहायचं आणि बोटिंग करायचं, असा त्याचा बेत. मी ओरोसच्या कचेरीत असते. लगेच रजा टाकली.

बाबांनी गाडीला एक फेरी मारली, टायरवर लाथ मारून बघितली आणि म्हणाले, "घर आसताना रस्त्यार झोपाचा कित्याक?"

आई तोवर आत पोचली होती. प्रत्येक बटण दाबून बघत होती. पलंग उचलून त्याच्याखाली काय आहे ते बघितलं, छपरातल्या खिडकीतून डोकं बाहेर काढून शेजारणीला हाक मारली. बेसिनचं पाणी जातं कुठे, हे कळल्याशिवाय तिने गाडी हलू दिली नाही. भावाला खाली वाकून टाकी दाखवावी लागली.

तळं आमच्या घरापासून तासाभरावर, आत काजूच्या बागांकडे. आम्ही पोचलो तेव्हा उन्हं उतरत होती. भावाने गाडी अगदी पाण्याजवळ लावली, तर बाबा ओरडले, "मागे घे रे! भरतीक पाणी हंयसर येतला."

"बाबा, तळी आसा ही. हिका कसली भरती?"

"मागे घे म्हणतंय ना!"

घेतली बिचाऱ्याने मागे. आम्ही हसून हसून बेजार. बाबा मात्र काठाकाठाने चालत गेले. पाणी किती वर चढतं याची खूण शोधत असावेत. मग ओंजळभर पाणी घेऊन चाखलं आणि थुंकून टाकलं. पाणी गोड आहे हे त्यांनाही ठाऊक होतं, पण स्वतः बघितल्याशिवाय मानतील तर ते बाबा कसले.

आईने तोवर आतल्या ओट्यावर बांगडे तळायला घेतले होते. भावाने कपाळावर हात मारला. गाडी परत द्यायची होती आणि वास पडद्यांत बसला होता. "अरे, मासळीचो वास काय वायट आसता?" असं आई त्यालाच विचारत होती. आम्ही बाहेर खुर्च्या टाकून बांगडे आणि घावणे हाणले. खरं सांगते, इतकं चवदार मी बऱ्याच दिवसांत खाल्लं नव्हतं.

सकाळी उठलो तर आई पाण्याजवळ उभी. बोटींचा धक्का तिथून दिसत होता. पायाने चालवायच्या रंगीत बोटी एकमेकींना बांधून ठेवल्या होत्या. आईच्या हातात चहा तसाच, निवून गेलेला.

"बसतंस?" मी विचारलं.

तिने मागे वळून बाबांकडे बघितलं. बाबांनी मान हलवली. नाही. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, बाबा, हे गुडघाभर पाणी, अंगात जॅकेट घालायचं, लहान पोरं बसतात, आणि तुम्ही इथेही तेच? समुद्र कुठे आहे इथे? बाबा ऐकेनात. "होडी ती होडी," म्हणाले. भाऊ मध्ये पडला, तर त्यालाही गप्प केलं. आई माघारी गाडीकडे निघाली आणि मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. इतक्या लांब आणून तिला काठावरच उभं करायचं होतं तर घरचा काठ काय वाईट होता?

तेवढ्यात एक कुटुंब बोटीतून गेलं. बाप आणि मुलगी पुढे बसून दणादण पाय मारत होते. बाबांनी बघितलं आणि त्यांना राहवेना. "हिका होडी म्हणतत? ना वल्हा, ना शीड. पायान मारूची सायकल ती!"

आई थांबली. वळली. "होडी नाय मा ती?"

"नाय!"

"मगे सायकलीर बसाक माका कोणी नको म्हणूक नाय," असं म्हणून तिने चहाचा कप माझ्या हातात दिला आणि सरळ धक्क्याकडे चालू लागली.

बाबांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं! मी मोठ्याने हसले. ते हसले नाहीत, पण तिच्या मागोमाग गेले. बोटवाल्याने आईला साडीवरून जॅकेट घातलं, तर बाबांनी त्याचा हात बाजूला करून पट्टे स्वतः आवळले. इतके आवळले की ती म्हणाली, "श्वास तरी घेवक दिया." भाऊ तिच्या शेजारी बसायला गेला, त्यालाही हटवलं आणि स्वतः बसले. मी मागच्या बाकावर. भाऊ फोटो काढायला काठावर राहिला.

पहिली दहा मिनिटं आम्ही गोल गोल फिरलो. जन्म समुद्रात काढलेल्या माणसाला ती बोट सरळ नेता येईना. आई पाय मारत होती आणि एक हात पाण्यात. किती खोल आहे, खाली मासे आहेत का, वारा मागून आला की बोट आपली आपण जाते का, प्रश्नांवर प्रश्न. बाबा तुटक उत्तरं देत होते आणि सारखे तिच्या हाताकडे बघत होते. मध्यावर आल्यावर ती थांबली.

"दर्यात असाच आसता?"

"नाय."

"मगे?"

बाबा जोरात पाय मारू लागले.

"तुमका थंय भय वाटता?"

मला वाटलं आता ओरडणार. त्यांनी पाय थांबवले. बोट हळूहळू वळली.

"वाटता."

"कदी?"

"रोज. किनारो दिसाक बंद झालो काय वाटता."

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. "माका कदी सांगलास नाय."

"सांगान काय करू? दुसऱ्या दिवशी तू माका जावक दिलं असतंस? आणि होडीत बसलं असतंस तर तुका आपसूक समाजला असता." एवढं म्हणून बाबांनी तोंड दुसरीकडे केलं.

मला एकदम रडू आलं. आईला मात्र राग आला. आवाज इतका चढला की काठावरच्या भावाने फोन खाली घेतला. "आणि मी काय घरात सुखान निजतंय? वारो सुटलो काय उठान बसतंय. शेजाऱ्यांका कळाक नको म्हणान दिवो लावणंय नाय!"

बाबांना हे नवीन होतं, त्यांच्या चेहऱ्यावरच दिसलं. आपण घरातून गेलो की मागे सगळं शांत असतं असंच त्यांना वाटत आलं असावं. वाऱ्याने बोट लव्हाळ्यांकडे नेली. काठावरून भाऊ हात हलवून बोलावत होता, वेळ संपली होती.

"चल, पाय मार," बाबा म्हणाले.

"रवा मरे. माका अजून बघूक व्हया." आणि बाबा थांबले.

इंजिन दुरुस्त होऊन आलं तसे ते पुन्हा समुद्रावर जाऊ लागले. आईने जाऊ दिलं. त्यांच्या होडीत ती अजून बसत नाही. तो नियम काही सुटलेला नाही आणि तीही हट्ट धरत नाही. पण परवा मी घरी होते म्हणून तिच्यासोबत किनाऱ्यावर गेले. होड्या लागत होत्या, बायका टोपल्या घेऊन उभ्या होत्या. बाबा पाण्यात उतरले, होडी ओढायला खांदा लावला, तर आई मासळीकडे न बघता त्यांच्याजवळ गेली.

"आज भय वाटला?"

"वाटला गो," बाबा म्हणाले. चारचौघांत, चांगलं मोठ्याने. दोघे-तिघे पुरुष हसले.

आमच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईने टोपली खाली ठेवली आणि त्या हसणाऱ्यांतल्या आपल्या नवऱ्याला विचारलं, "आणि तुमका?"