आबाजींची लाकडं

वखारीसमोरून जाताना ताज्या तोडलेल्या बाभळीचा तुरट वास आला, आणि मला रोहिणखेडचा आमचा गोठा आठवला. तेव्हा पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले होते.

माझ्या आजोबांनी, आबाजींनी, स्वतःच्या सरणासाठी लाकडं फोडून गोठ्यात रचली होती. "झडीत मेलो तं पोराईची फजिती नको," म्हणायचे. त्या वर्षी पावसाची झड लागली, दिवसचे दिवस थांबेना, आणि त्यातच शेजारचे गणपतकाका गेले. गावात कोरडं लाकूड नव्हतं. आबाजींनी आपली लाकडं गाडीत भरून दिली.

मसणातून आल्यावर ते रिकाम्या कोपऱ्याकडे बघत राहिले. मग एकदम चिडले. "माह्यापेक्षा लहान होता, अन् माह्या लाकडावर गेला!"

"आता हो, आबाजी?" मी विचारलं.

"आता काय? पुन्हा तोडा लागन. वाळाले साल लागते. तवरोक मले मराले फुरसत नाही."

आणि ते कुऱ्हाडीला धार लावायला बसले. त्यांना वाईट वाटत होतं की सुटल्यासारखं, मला तेव्हा कळलं नाही. आज त्यांच्या वयाची झाले, तरी कळत नाही.

वखारवाल्याला मी विचारलं, "हे वाळाले किती दिवस लागतीन?"

"काऊन आजी, कायले पायजे?"

"घाई नाही," मी म्हटलं, आणि ओल्या ओंडक्यावरून हात फिरवला.