समुद्राच्या दगडाला उजेड

विजेच्या सामानाच्या त्या दुकानदाराचं नाव मी आजही तोंडाने घेत नाही. सोलापुरात काचपेटीत मासे पाळणारा तो पहिला, निदान तो तसं सांगायचा. त्याच्या मुलीच्या लग्नाच्या चादरी पोचवायला मी त्याच्या घरी गेलो होतो. दिवाणखान्यात ती पेटी पाहिली आणि नकळत काचेला हात लागला. पाहुण्यांनी खोली भरली होती. तो म्हणाला, "अहो, हात नका लावू. तुमच्या हाताचा रंग लागेल काचेला!"

सगळे हसले. मी लहानपणापासून रंगखात्यात सूत बुडवून वर आलेला माणूस. नखांतला मरून रंग निघत नाही, हे खरं आहे. पण त्या हसण्याचा सूड घ्यायचा, हे मी त्याच्या जिन्यातच ठरवलं. त्याच्याकडे गोड्या पाण्याचे मासे होते ना? मी घरात समुद्र आणणार होतो, आणि तो पाहायला त्याला माझ्या दारात यावं लागणार होतं.

माझा माल रत्नागिरीला नेणारा ट्रक ड्रायव्हर मोडनिंबचा. येताना तो माझ्या नव्या काचपेटीसाठी कॅन भरभरून समुद्राचं पाणी आणायचा. एकदा त्याने बादलीत एक ओला दगड आणला. दगडावर वाटाण्याएवढे मऊ कोंब दाटीने बसले होते. ओहोटीच्या डबक्यात हेच फुलांसारखे उमललेले असतात, पोवळ्याच्याच गोतातले, असं तिथल्या कोळ्यांनी त्याला सांगितलं होतं.

"मालक, ऊन लागतंय म्हनं ह्यास्नी," तो म्हणाला.

"सोलापुरात उन्हाला काय तोटा?"

"उन्हात ठिवलं तर रस्सा हुईल की वो!"

म्हणजे दिवा हवा. पेटीच्या मापाचे दिवे त्या काळी एकाच दुकानात मिळत, आणि ते दुकान त्याचंच होतं. दात ओठ खात गेलो.

"समुद्र आणलाय म्हणे," तो गल्ल्यावरून म्हणाला. "लाटांशीही घासाघीस केली असेल तुम्ही."

त्याने दोन प्रकार पुढे ठेवले, पिवळे मोठे बल्ब आणि एक पांढरीफटक ट्यूब. ट्यूब छापखान्यांसाठी मागवलेली, कुणी घरी नेत नव्हतं. "मढ्याचा उजेड आहे हा," तो म्हणाला. मी खिशातून मरून सुताची लड काढली. ती कायम खिशात असायचीच. ट्यूबखाली लड काळवंडली, बल्बखाली निखाऱ्यासारखी पेटली. बल्बांच्या भावावर तासभर वाद घातला, वायर फुकट घेतली आणि विजयी होऊन घरी आलो.

बाजारभर सांगून टाकलं की पाडव्याला समुद्र पाहायला या. आणि दगड मिटायला लागला. कोंब आकसले, वरचा हिरवा रंग फिका झाला, पाणी हाताला कोमट लागायचं. मी बायकोवर ओरडलो, ड्रायव्हरवर ओरडलो. दगड मेला असता तर पाडव्याला त्याच दुकानदाराने माझ्याच घरात दुसऱ्यांदा माझं हसं केलं असतं.

एका सकाळी सुताचा नवा गठ्ठा आला. सवयीने मी लड उचलली आणि रंग पारखायला दुकानाबाहेर, आभाळाखाली गेलो. तिथेच डोक्यात लख्ख उजेड पडला. आम्ही चादर विकताना वर पिवळा बल्ब लावतो, घेताना मात्र आभाळाच्या उजेडात पाहतो. पिवळा उजेड गिऱ्हाइकासाठी असतो. मी दगडाला उजेड दिलाच नव्हता, पाहुण्यांना दिला होता.

आभाळासारखा पांढरा उजेड होता तो त्या ट्यूबचा. ड्रायव्हरला छापखान्याचा माणूस बनवून त्या दुकानात धाडलं. काय बोलायचं ते पढवून ठेवलं होतं. "असला मढ्याचा उजेड कोन घेतंय वो, आमीच की!" असं म्हणत त्याने उरलेल्या सगळ्या ट्यूबा पडत्या भावात उचलल्या.

पाडव्यापर्यंत दगड उमलला. हिरव्या, तपकिरी, मधोमध केशरी ठिपका असलेल्या फुलांनी भरला. गल्ली लोटली. शेवटी तोही आला. त्याने हात पाठीमागे बांधले होते. माझा फार विरस झाला. काचेला हात लावू नका, हे वाक्य मी केव्हापासून जपून ठेवलं होतं.

तो बराच वेळ वाकून पाहत राहिला. मग वर नजर गेली. "ही ट्यूब कुठली?"

"तुमच्याच दुकानातली. मढ्याच्या उजेडाची."

त्याचा चेहरा त्याच उजेडात होता, त्यामुळे उतरलेला नीट दिसला. हळूच म्हणाला, "ह्या दगडाचा एक तुकडा द्या मला. काय घ्याल?"

मी आयुष्यात कुणाला भाव सांगितला नाही असं झालेलं नाही. भर बाजारात भांडणं केली, पण आकडा सांगूनच. त्याला मी आकडा सांगितला नाही. त्याने परत विचारलं. मग म्हणाला, "तुम्ही सांगा तर खरं."

मी बायकोला हाक मारून पुढच्या पाहुण्यांना आत घ्यायला सांगितलं.