चार नंबरच्या खोलीचा रकाना

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी आजवर नुसते वाचत आले, तेही जेवताना, करमणूक म्हणून. आमचे वडील बेदाण्याचे व्यापारी. जे तराजूवर चढत नाही त्याबद्दल बोलायचं नाही, असा त्यांचा खाक्या. मीही त्याच वळणाची. तेव्हा पुढचं वाचून कोणी हसलं तर माझी तक्रार नाही.

मी सांगलीत राहते आणि पुण्यातल्या एका कंपनीसाठी घरून टेक्निकल रायटिंग करते. म्हणजे सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते लिहायचं. गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे एक टूल आलं होतं. कुठल्याही नोंदवहीचा एक साचा असतो — कोणते रकाने, कशात आकडा, कशात नाव. हा साचा पूर्वी माणूस बदलायचा. या टूलमुळे एआय एजंट, म्हणजे सांगितलेलं काम आपणहून करणारा प्रोग्राम, तो स्वतः बदलू शकतो. पण फक्त साचा. रकाना वाढवता येतो, काढता येतो, त्यात माहिती भरता येत नाही. तसा अधिकारच त्याला दिलेला नाही.

उदाहरणासाठी मला काहीतरी खरं वाटणारं हवं होतं. माझा मामेभाऊ राजू कवठेमहांकाळच्या बाजूला एक कोल्ड स्टोरेज सांभाळतो. त्याला विचारून मी तिथल्या खोल्यांचे नंबर घेतले आणि माझ्या लॅपटॉपवर एक खोटी नोंदवही केली. राजूच्या कॉम्प्युटरशी तिचा काही संबंध नाही... हे मुद्दाम सांगते, कारण पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात.

शनिवारची दुपार होती. मी एजंटला सांगितलं, खोलीच्या साच्यात ‘तापमान’ हा रकाना वाढव. त्याने वाढवला. खाली आणखी एक दिसला — ‘आत माणूस’.

असं होतं कधीकधी. एजंट जास्तीचा शहाणपणा करतात. मी तो रकाना काढला आणि पुन्हा तेच काम सांगितलं. पुन्हा ‘आत माणूस’. मी विचारलं, हा दुसरा रकाना कशासाठी? उत्तर आलं, ‘मी तापमान हा एकच रकाना वाढवला आहे.’

बग असणार. स्क्रीनशॉट काढावा म्हणून नोंदवही उघडली. ‘आत माणूस’च्या रकान्यात बाकी सगळ्या खोल्यांसमोर कोरं होतं. चार नंबरसमोर ‘होय’.

मी घाबरले वगैरे नाही. चिडले. टूलला माहिती भरता येत नाही असं मी सकाळीच लिहून दिलं होतं, आता ते सगळं बदलावं लागणार, हाच विचार डोक्यात. तरी फोन हातात कधी घेतला ते कळलं नाही.

“राजू, तुझ्या चार नंबरच्या खोलीत काय आहे रे?”

“काय न्हाई अक्का. काल माल काढला की. मशीन चालू हाय नुसती. का गं?”

“आत कोणी आहे?”

“कोण असतंय? आता कुलपं लावून निघालोय आमी. उद्या सुट्टी.”

“एकदा उघडून बघ.”

“अक्का, बरी हाईस न्हवं?”

“बघ रे. फोन चालू ठेव.”

तो कुरकुरत गेला. मला त्याच्या चपलांचा आवाज येत होता. मग कडी सरकवल्याचा. मग राजू ओरडला, “आवं मामा! मामा!” — आणि फोन खाली पडला असावा, कारण नंतर नुसती धावपळ ऐकू येत राहिली.

आत आनंदामामा होते. आटपाडीकडचे, साठीला आलेले, तिथे हमालांवर देखरेख करतात. त्यांनी दुपारनंतर सुट्टी मागितली होती, म्हणून ते गावी गेले असंच सगळ्यांनी धरलं. जाण्याआधी ते रिकामे क्रेट बघायला चार नंबरमध्ये शिरले. मागे कोणीतरी दार ओढून घेतलं. आतून उघडायचा खटका तुटलेला, मोबाईल ऑफिसात चार्जिंगला. डॉक्टर म्हणाले, सोमवारपर्यंत हा माणूस राहिला नसता.

मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. दोन ब्लँकेटांत गुंडाळून मामा चहा पीत होते.

“लय बुक्क्या मारल्या ताई दारावर. मग दमलो, बसलो क्रेटवर.”

“देवाचं नाव घेतलंत?”

“न्हाई वो. बायकोला शिव्या देत हुतो. सकाळी स्वेटर घाला म्हणाली न्हाई म्हणून.”

“आता उन्हाळ्यात कोण म्हणंल स्वेटर घाला!” कॉटपाशी बसलेल्या मामी म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. एवढा वेळ त्यांनी स्वतःला धरून ठेवलं असावं.

सोमवारी मी पुण्यातल्या सीनियरला सगळं दाखवलं. त्याने लॉग तपासले. ‘आत माणूस’ वाढवल्याची नोंद दोन्ही वेळेला आहे, एजंटच्याच नावाने. ‘होय’ कोणी भरलं, त्याची नोंद कुठेच नाही. तो म्हणाला, तूच चुकून टाईप केलं असशील. असेलही. पण मग चार नंबरसमोरच का? त्यानंतर आम्ही तेच काम तसंच कितीतरी वेळा करून पाहिलं. दर वेळी तापमान, फक्त तापमान.

राजूने सगळे खटके बदलून घेतले, आत घंटाही बसवली. मामा कामावर परत आले. दिवाळीच्या सुमारास मी तिकडे गेले तेव्हा त्यांनी मला बाजूला बोलावलं.

“ताई, त्या दिवशी फोन का केलासा?”

मी लॅपटॉप, टूल, रकाना — जमेल तेवढं सोप्पं करून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“म्हंजी त्या मशिनीला कसं कळलं?”

“खरं सांगू मामा? मला माहीत नाही.”

त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग म्हणाले, “मग ऱ्हाऊ द्या. समदं कळलंच पायजे आसं कुटं हाय.” आणि मालाची गाडी आली म्हणून उठून गेले.

त्यांना तेवढं पुरलं. मला अजून पुरलेलं नाही.